खजुरी बाजारातली वर्कबुकं

गंगराडेजी शिडीवरूनच विचारतात,
"कौनसी क्लास?"
मी सांगते, क्लास नाही. मुलगी घरीच शिकते.
शिडी क्षणभर थांबते.
का, ते ते विचारत नाहीत.
एवढ्यासाठी मी घासाघीस न करता
दहा रुपये जास्त द्यायला तयार आहे.

मग वरून एकेक वर्कबुक येतं
धुळीसकट, फळीवर आपटत.

पहिलं गुळगुळीत. मुखपृष्ठावर
पांढरा कोट घातलेला मुलगा
हिरव्या धुराकडे बघून हसतोय.
मी सतरा वर्षं पॅथॉलॉजीत काढली,
धूर निघाला तर आमच्यात कुणी हसत नाही.

दुसऱ्यात रिकाम्या जागा भरा.
जागा एवढ्या अरुंद
की फक्त बरोबर उत्तर मावेल.
शर्वाणीचं अक्षर ऐसपैस,
तिने बेडूक लिहिला
तर तो खालच्या ओळीत उतरतो.

तिसऱ्यात शेवटच्या पानावर उत्तरं, उलटी छापलेली.
चौथ्यात प्रयोग. साहित्य: बन्सन बर्नर.
आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी,
त्यातल्या एकाचं बटण पकडीने फिरवावं लागतं.

आणि शब्दांचा घोळ वेगळाच.
हिंदीतलं वाष्पीकरण, इंग्रजीतलं इव्हॅपोरेशन,
अकोल्याच्या शाळेत मी घोकलेलं बाष्पीभवन.
स्वयंपाकघरात यातलं एकही आम्ही बोलत नाही.
कपडे वाळतात. दूध आटतं.
अत्तर उडून जातं. ओठ सुकतात.
एवढं सगळं करणारी गोष्ट एकच आहे
हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं,
तिला शिकवायला बसले तेव्हा.

"और दिखाऊँ?"
नको म्हणत मी ढिगाच्या तळाला हात घालते.
तिथे एक जुनं, वापरलेलं, कव्हर निघालेलं.
तन्मय चौकसे, छठवीं ब.
पेन्सिलीने भरलेलं, मग कुणीतरी खोडलेलं,
पण कागदावर दाब राहिलाय,
तिरकं धरलं की वाचता येतं.

प्रश्न सातवा:
फ़र्श पर गिरा पानी एक घंटे बाद कहाँ गया?
तन्मय लिहितो:
मम्मी ने पोंछ दिया।
त्यावर लाल फुली. वहीच्या कागदाला भोक पडेल इतकी लाल.

मी बाजाराच्या मधोमध एकटीच हसते.
एक टेम्पो माझ्यासाठी हॉर्न वाजवतो.
"ये तो रद्दी में देना था, मैडम,"
गंगराडेजी म्हणतात, आणि पंधरा रुपये घेतात.

शर्वाणी ते पान खिडकीत तिरकं धरून वाचते.
"बरोबर तर आहे," ती म्हणते.
"त्यांच्याकडे पुसलं असेल. चूक कशाला?"
माझ्याकडे उत्तर नाही.
ते शेवटच्या पानावर उलटं छापलेलंही नाही.

नळाला आज नर्मदेचं पाणी येऊन गेलंय,
पिंप भरलेलं आहे, म्हणून मी परवानगी देते:
एकच तांब्या.
ती तो गॅलरीत ओतते,
पाण्याच्या कडेकडेने खडूने रेघ ओढते,
वेळ लिहिते, अकरा वाजून दहा,
आणि हनुवटी गुडघ्यावर ठेवून
पहाऱ्याला बसते.

साडेअकराला पाणी रेघेपासून बोटभर मागे.
पावणेबाराला त्याचा आकार
तिच्या मते बडोद्याच्या आत्यासारखा.
मधे एक मुंगी येते, ओल चाखते, परत जाते,
त्याचीही नोंद होते.

बाराला मी डाळीला फोडणी देऊन बाहेर येते,
फरशी ओली दिसते,
आणि हात आपोआप
फडक्याकडे जातो.

"आई!"

मी तशीच उभी राहते.
हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकतंय,
माझ्या पायाशी दुसरं तळं होतंय.
ती खडू घेऊन सरपटत येते
आणि त्याच्याभोवतीही रेघ ओढते,
माझी पावलं आत धरून.

बारा वाजून चार.
मला हलायची परवानगी नाही.